दुखत नाही म्हणणारा हात

माझ्या बेंबीच्या डाव्या बाजूला हरभऱ्याच्या डाळीएवढा एक डाग आहे. मी तान्ही असताना आमच्या चुलत आजोबांनी, म्हणजे आबांनी, तो दिला. पोट फुगून मी सारखी रडत होते, अंगावरचं दूधही ठरत नव्हतं. तेव्हा त्यांनी चुलीत तापवलेली सळई एकदाच टेकवली आणि घरातले सगळे शपथेवर सांगतात त्याप्रमाणे मी रडायची थांबले. आबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. लंगडणाऱ्या मेंढीच्या खांद्यावर डाग, धापा टाकणाऱ्या मेंढीच्या बरगडीवर डाग. मेंढराला जे चालतं ते माणसाला का चालू नये, असा त्यांचा सरळ विचार. "डाग दिला की आदली कळ पळती," असं ते म्हणायचे. मला लहानपणापासून एकच प्रश्न पडायचा, की पळते ती कळ जाते कुठं?

लोकांना वाटतं शास्त्रज्ञ व्हायला काहीतरी भव्य कारण लागतं. मला एवढंच पुरलं. आबांना विचारलं तर ते म्हणायचे, "जाती तिच्या घरी. तू तुजा अभ्यास कर." अभ्यास करत करत मी दौंडजवळच्या केडगावहून पुण्याला गेले. तिथं एका तासाला सरांनी सहज सांगितलं की एक दुखणं दुसऱ्या दुखण्याला दाबू शकतं, मेंदूकडून खाली तशी सूचना जाते, आणि हे नेमकं कसं होतं याचा शोध अजून चालू आहे. बाकीची मुलं लिहून घेत होती. मी बाकावर बसल्या बसल्या पोटावर हात ठेवला. आबांच्या कळेचा पत्ता कुणीतरी शोधतंय हे ऐकून मला जो आनंद झाला, तो पुढं पदवी मिळाली तेव्हाही झाला नाही. डाग देणं चांगलं, असं मी अजिबात म्हणत नाही. तान्ह्या लेकराला चटका देणं हा शुद्ध अडाणीपणा आहे आणि यावरून आबांशी माझी कैक वेळा जुंपली आहे. पण प्रश्न त्यांचाच होता, हे मी मान्य करते.

सुरुवातीची वर्षं उंदरांत गेली. उंदराच्या पंजाला हलकी ऊब लावायची आणि तो पंजा कधी उचलतो ते बघायचं. आई गावात कौतुकानं सांगायची, "आमची पोरगी उंदरांची डॉक्टर हाय." त्यावर बायका आपापल्या घरातल्या उंदरांची गाऱ्हाणी घेऊन यायच्या. पुढं माणसांवर काम सुरू झालं तेव्हा लग्नाकार्यात माझी पंचाईत व्हायला लागली. "वेदनेवर संशोधन करते" म्हटलं की समोरचा माणूस हातातल्या अक्षतांसकट तिथंच गुडघा पुढं करायचा.

माणसांवरचं पहिलं काम शिरूर तालुक्यातल्या एका गावात झालं. आमच्याकडून चौफुल्याला यायचं, न्हावऱ्याचा रस्ता धरायचा, भीमा ओलांडायची, की कांद्याच्या चाळी आणि उसाच्या मधोमध ते गाव. प्रयोग साधा होता. गुडघे दुखणाऱ्या माणसानं एक हात बर्फाच्या पाण्यात घालायचा, हात दुखायला लागला की सांगायचं, आणि त्या वेळात गुडघ्याचं दुखणं कमी वाटतंय का ते आम्ही बघायचं. म्हणजे आबांचंच शास्त्र, फक्त सळईच्या जागी बर्फ. शाळेच्या हॉलमध्ये टब मांडला. शिक्रापूरहून गोणपाटात गुंडाळून बर्फाच्या लाद्या आणल्या.

पहिले आले ते एक मामा, पांढरी टोपी, मिशीला पीळ. मी नीट समजावलं, "मामा, दुखायला लागलं की लगेच सांगायचं." मामांनी मान हलवली, हात घातला आणि माझ्याकडं बघत बसले. हात लाल झाला, डोळ्यांत पाणी जमलं, मामा गप्प.

"मामा, दुखतंय का?"

"न्हाई."

शेवटी मीच त्यांचा हात धरून बाहेर काढला. रांगेतल्या दुसऱ्या मामांनी लगेच चौकशी केली, "त्यांनी किती येळ ठिवला?" झालं. तिथून पुढं तो प्रयोग राहिलाच नाही, आखाडा झाला. वरच्या आळीची माणसं एका बाजूला, खालच्या आळीची दुसऱ्या बाजूला. कुणाचा हात पाण्यात गेला की खिडकीतून आरोळ्या. एका बिचाऱ्यानं मी सांगितल्याप्रमाणे, दुखल्याबरोबर हात काढला, तर त्याला घरापर्यंत माणसं विचारत गेली, "काय पाव्हणं, गार लागलं व्हय?" बायकांचं नेमकं उलटं. त्या हात बुडवायच्या, लगेच काढायच्या आणि "झालं का? जाऊ का?" म्हणत पदर खोचायच्या, कारण घरी चुलीवर काहीतरी ठेवून आलेल्या असायच्या. फक्त एका नव्या सुनेनं हात काढलाच नाही. तिची सासू रांगेत बसून तिच्याकडं बघत होती.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी आकडे बघितले आणि चष्मा काढून ठेवला. "हा डेटा नाही गं, ही जत्रा आहे," त्या म्हणाल्या. मी मात्र मनातून खूश होते. मी दुखणं मोजायला गेले होते आणि हाताला भलतंच लागलं होतं. माणसाला दुखतं ही एक गोष्ट, आणि "दुखतंय" असं तो म्हणतो ही निराळीच गोष्ट. ते तो कुणासमोर म्हणतो, कुणासमोर गिळतो, कुणासमोर जरा वाढवून सांगतो? पुढची सगळी वर्षं मी याच्याच मागं लागले. शिक्रापूरच्या खोल्यांमधून राहणारी कारखान्यातली पोरं सुपरवायझरनं विचारलं की म्हणायची, "ठीक है सर." संध्याकाळी खोलीवरच्या दोस्तानं विचारलं की तीच पोरं, "कमर टूट गई भाई." कंबर तीच, दिवसही तोच. या विषयावर मी आता परदेशातल्या परिषदांत तासभर बोलते आणि लोक माना डोलावतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो कसा असतो, ते मला घरात कळायचं होतं.

आमचं घर केडगावच्या बाहेर वस्तीवर आहे. आई-वडील गेल्यावर ते घर वहिनीनंच धरून ठेवलं. दादा कुरकुंभला केमिकल कंपनीत पाळीनं कामाला जातो. कधी पहिली पाळी, कधी रात्रपाळी, त्यामुळं तो घरी असला तरी निम्मा वेळ झोपेत असतो. शेत वहिनी बघते. शेवंती, झेंडू, थोडा कांदा आणि चार शेळ्या. वहिनी फुलं तोडताना फुलांकडं बघत नाही. तोंडानं गप्पा चालू असतात आणि अंगठा नि दोन बोटं आपली आपण देठ शोधून फूल खुडत असतात. कळी कुठली, फुललेलं कुठलं, हे तिच्या बोटांना कळतं. मी एकदा तिच्याबरोबर तोडायला गेले तर माझ्या पाटीत पानंच जास्त निघाली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही उंदरं बघा."

उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचा वारा सुटला तेव्हा शेळ्यांच्या गोठ्याचा पत्रा उचकटला. शेळ्यांवर पडेल म्हणून वहिनीनं तो उजव्या हातानं धरायला बघितला. पत्र्याची कड मनगटावरून फिरली. दादा कामावर होता. शेजारच्यांनी तिला गाडीत घालून पुण्याला आणलं आणि मी दवाखान्याच्या दारात उभी होते. मनगटातली मधली नस पूर्ण तुटली होती. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, या तिघांची खबर मेंदूला देणारी नस ती. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून ती जोडली.

नंतर त्यांनी मला आणि दादाला केबिनमध्ये बोलावलं. जोडलेली नस म्हणजे जोडलेली वायर नव्हे, हे त्यांनी दादाला समजावून सांगितलं. तुटल्या जागेपासून पुढची नस मरून जाते आणि नवी नस त्याच वाटेनं हळूहळू बोटांकडं वाढत जाते. नखापेक्षा भराभर, दोडक्याच्या वेलापेक्षा पुष्कळच हळू. ती कुठवर आली हे बघायचं तर मनगटापासून बोटांकडं हलक्या टिचक्या मारत जायचं. जिथवर नस पोचली असेल तिथं टिचकी बसली की बोटांत मुंग्या येतात. मग आग होते, ठणका लागतो, वारासुद्धा झोंबतो. "म्हणजे दुखायला लागलं की पेढे वाटा," डॉक्टर म्हणाले. दिवाळीपर्यंत तळहातात काहीच जाणवलं नाही, तर हात पुन्हा उघडून पायातली नस काढून तिथं घालावी लागणार होती. त्यानंतरही बोटांत जाण येईलच याची खात्री त्यांनी दिली नाही.

केबिनमधून बाहेर पडताना मी दादाला बजावलं, "हे वहिनीला सांगायचं नाही." याला कारण होतं. आमच्या कामात हा पहिला नियम आहे. ज्याची तपासणी करायची त्याला अपेक्षित उत्तर सांगायचं नसतं. सांगितलं की माणूस भिडेपोटी तेच उत्तर देतो. वहिनी तर स्वभावानंच भिडस्त. "दुखलं तर चांगलं" असं तिला सांगितलं असतं, तर माझं मन राखायला तिनं पहिल्याच आठवड्यात "दुखतंय" म्हटलं असतं, असा मी शहाणपणा केला. दादा म्हणाला, "तुला जास्त कळतं."

वहिनी घरी आल्यावर आबा काठी टेकत बघायला आले. हात उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "टाकं घातल्यावर दुखलं न्हाई तर ब्येस. दुखाया लागलं म्हंजी समजायचं आत सडतंय. मग मला सांगा, मनगटावर बारीकसा डाग देतो."

"आबा, त्या हाताजवळ सळई आणलीत तर मी पोलीस बोलवीन," मी ओरडले.

"बोलीव की. त्यांच्या सायबाच्या बाला मीच डाग दिलाय," आबा म्हणाले. मला हसू आलं आणि भांडण तिथंच संपलं. वहिनी आत पीठ चाळत होती. तिनं काय ऐकलं आणि त्यातून काय घेतलं, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

मग माझा परिपाठ सुरू झाला. एक रविवार सोडून मी पुण्याहून दौंडची गाडी पकडायची, केडगावला उतरायचं, वस्तीवर जायचं, लिंबाखाली बाजेवर वहिनीला बसवायचं आणि टिचक्या मारायच्या.

"काही वाटतंय का?"

"न्हाई ओ ताई, झ्याक हाय."

"मुंग्या?"

"न्हाई."

"जरासुद्धा दुखत नाही?"

"छ्या! दुखतंय कशाचं?" आणि हात पदराखाली घेऊन ती चहा टाकायला उठायची.

दरवेळी तिचं उत्तर हसतमुख आणि दरवेळी दिवाळी आणखी जवळ आलेली. तिची तीन बोटं लाकडासारखी झाली होती. शर्टाचं बटण लागत नव्हतं, सुई धरता येत नव्हती. एकदा भाकरी उलटताना अंगठा तव्याला टेकला आणि कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं. त्यानंतर ती डाव्या हातानं थापायला शिकली. दसऱ्याच्या आधी झेंडूची तोड सुरू झाली. बांधावर उभी राहून वहिनी बायकांना हात चालवा म्हणून ओरडत होती आणि स्वतः मात्र रिकामी पाटी घेऊन उभी होती. मला फार वाईट वाटलं. नस मध्येच कुठंतरी अडकली आहे, याबद्दल आता शंका उरली नव्हती. डॉक्टरांनीही तिला विचारलं, तिनं त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी दिवाळीनंतरची ऑपरेशनची तारीख दिली. ती ऐकून दादा जेवला नाही आणि वहिनीचं हसणंही कमी झालं.

त्यानंतरच्या रविवारची दुपार. वहिनी ओट्यावर बसून डाव्या हातानं खराब फुलं निवडत होती. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. माझ्याकडं तोंड करून ती फुलांच्या व्यापाऱ्याची नक्कल करत होती आणि मी हसत होते. एवढ्यात मागून एक शेळी आली आणि तिनं वहिनीच्या तळहातावरून जीभ फिरवली.

"आई गं!" वहिनीनं हात छातीशी ओढला. डोळ्यांत टचकन पाणी.

मी उभी राहिले. "दुखलं?"

"न्हाई."

"वहिनी, तुम्ही माझ्याकडं बघत होता. शेळीनं चाटलेलं तुम्हाला कळलं कसं?"

वहिनी शेळीकडं बघायला लागली.

"दुखलं ना? सांगा की, दुखलं ना?" मी बहुधा किंचाळत होते, कारण शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकायला लागलं. वहिनीला वाटलं मी चिडले. तिनं तोंडाला पदर लावला आणि ती हमसून रडायला लागली.

"चुकलं माझं ताई. गवरी-गणपतीपासनं दुखतंय. मिरच्या चोळल्यावानी आग हुती. वारं लागलं तरी जीव जातो. आबा म्हणलं व्हतं, दुखलं म्हंजी आत सडलं. मला वाटलं, मी बोलले की हात परत कापत्याल, न्हाईतर डागत्याल. तारीख दिली तवा वाटलं, आता बोलले तर आख्खा हातच काढत्याल."

"अहो, पण मला तरी सांगायचं! मी एवढी विचारत होते."

"तुम्हालाच कसं सांगू?" ती डोळे पुसत म्हणाली. "सगळं गाव म्हणतं, ताई दुखण्यावरच्या मोठ्या डॉक्टर हायत. तुम्ही इतक्या लांबनं येताय, माजा हात हातात घेताय, आन् मी म्हणू दुखतंय? दुसरं कोण असतं तर बोलले असते. तुमच्या तोंडावर बरं दिसतंय का ते?"

मी खाली बसले. जन्मभर मी हेच तर शिकत आले होते, की माणूस कुणापुढं दुखणं सांगत नाही. त्या माणसांच्या यादीत मी कधी स्वतःला धरलंच नव्हतं. स्वयंपाकाला येणाऱ्या आचाऱ्याला तोंडावर "मीठ कमी आहे" म्हणू नये, तशी आमची वहिनी मला "दुखतंय" म्हणत नव्हती. माझा मान राखण्यासाठी ती पायातली नस काढून द्यायला तयार झाली होती. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, शेवटी मी तिच्या गळ्यात पडले.

मग तिला सगळं सांगितलं. दुखणं म्हणजे सडणं नाही, नस बोटांकडं निघालेली आहे, डॉक्टर पेढे वाटा म्हणाले होते. ती माझ्याकडं संशयानं बघत राहिली. "दुखणं चांगलं?" तिनं विचारलं. "असलं कवा ऐकलं न्हाई बाई." मी टिचक्या मारायला घेतल्या. मनगट, तळहाताची सुरुवात, तळहाताचा मध्य. अंगठ्याच्या मुळाशी टिचकी बसली आणि वहिनी ओरडली, "हितं! हितं पाक बोटांत वीज गेली!" एवढी वाट नस चालून आली होती आणि मला पत्ता नव्हता. संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी मला झापलं, मग ऑपरेशन रद्द केलं. दिवाळीच्या आधी एकदा हात नीट तपासला आणि नसांच्या दुखण्यावरची गोळी लिहून दिली.

त्यानंतर वहिनीचे फोन सुरू झाले. भर मीटिंगमध्ये फोन वाजायचा. "ताई, मधल्या बोटाच्या पेऱ्यात आज लई आग हाय." मी आनंदानं म्हणायची, "वा! छान!" विद्यार्थी एकमेकांकडं बघायचे. "ताई, अंगठा ठणकतोय." "फारच छान!" खरं सांगायचं तर मी हरखून गेले होते. इतकी वर्षं दुखणं कमी कसं करायचं हे शिकले, आणि आता कुणाचं तरी दुखणं पेऱ्या-पेऱ्यानं पुढं सरकताना ऐकायला मिळत होतं. नस कुठं भरभर चालते, कुठं रेंगाळते, आग आधी येते की मुंग्या आधी, हे मी तिला खोदून खोदून विचारायची. तीही उत्साहानं सांगायची. निदान मला तसं वाटायचं.

मार्गशीर्षात गेले तेव्हा वहिनीचा चेहरा बघून चरकले. डोळे खोल गेलेले, गालाची हाडं वर आलेली. हातावर लुगड्याचं मऊ फडकं गुंडाळलेलं.

"गोळीनं फरक नाही?"

ती फडक्याचं टोक खोचत राहिली. मी स्वयंपाकघरात साखर शोधायला गेले तर चहाच्या डब्यामागं गोळ्यांची पाकिटं दिसली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"वहिनी, हे काय?"

"तुम्हीच म्हणला न्हवं," ती म्हणाली, "दुखतंय म्हंजी नस चालतीय. गोळी खाल्ली, दुखायचं थांबलं, आन् नस बी थांबली तर? म्हणून काढतीय कळ. तुम्ही रोज छान म्हणताय, मग बरं वाटतं."

आधी दुखतंय हे लपवण्यासाठी ती सोसत होती, आता दुखणं टिकावं म्हणून सोसत होती. दोन्ही वेळा माझ्या बोलण्यामुळं. एवढं शिकून मी त्या घरात दुखण्यावरचा साधा उतारा काही नेला नव्हता. मला स्वतःचा भयंकर राग आला आणि तो मी त्या पाकिटांवर काढला, ती टेबलावर आपटून.

"वहिनी, विहिरीवरची मोटर चालू केली की आवाज करते ना?"

"करती की. कान किट्ट हुत्यात."

"तुम्ही कानात बोळे घातले तर पाणी यायचं थांबतं का?"

"न्हाई. पाणी येतंयच."

"मग? गोळी म्हणजे बोळे. नस तिचं काम करतच राहणार."

"हे आधी सांगायचं न्हाई व्हय?" वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच माझ्याबद्दलची चीड होती. मला ती फार आवडली. तिनं तिथल्या तिथं गोळी तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्यायली.

पुढच्या वेळी गेले तेव्हा दुपार कलली होती. दादा पहिली पाळी करून नुकताच आला होता आणि अजून कंपनीच्या कपड्यांतच अंगणात उभा होता. मला बघून म्हणाला, "ही झोपलीय गं. दिवसा. आजारी हाय का?" लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी झोपलेली बायको त्यानं कधी बघितली नव्हती. गोळीनं सुरुवातीला झोप येते, आणि किती तरी दिवसांची झोप तिच्या अंगावर बाकी आहे, असं मी त्याला सांगितलं. त्याला ते पटलं नसावं. तो दोनदा ओट्यावर जाऊन तिच्या नाकाशी बोट धरून आला. मग त्याला काहीतरी करावंसं वाटलं असणार, कारण त्यानं चहा टाकला. चहात साखर जास्त आणि पत्ती कमी. तिघांचे कप त्यानं ओट्यावरच्या बाजेपाशी आणले, तिचा कप तिच्या उशाशी ठेवला आणि पायथ्याशी बसला.

बराच वेळ तो तिच्या उघड्या हाताकडं बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "लई दुखत असंल का गं तिला?"

"मला काय विचारतोस? उठली की तिलाच विचार."

"तिला इचारलं की न्हाई म्हणती."

"मग परत विचार."

शेळ्या ओरडल्या, तरी दादा उठला नाही. त्याचा चहा संपला, माझाही संपला. थंडीचे दिवस, ऊन ओट्यावरून सरकून अंगणात गेलं. कधीतरी वहिनी जागी झाली. समोर आम्हा दोघांना बघून गडबडीनं उठून बसली आणि पदर सारखा करायला लागली.

दादा शेळ्यांकडं तोंड करून म्हणाला, "दुखतंय का गं?"

"न्हाई," वहिनी सवयीनं म्हणाली.

दादानं माझ्याकडं बघितलं. मी लिंबाकडं बघायला लागले. तो घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "न्हाई, पर… दुखतंय का?"

तिचा पदरावरचा हात थांबला. मग म्हणाली, "व्हय. दुखतंय. लई दुखतंय ओ."

या उत्तराचं काय करायचं हे दादाला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत ते त्याला कधी मिळालंच नव्हतं. तो नुसता मान हलवत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. काहीतरी द्यायचं म्हणून त्यानं उशाचा कप उचलून तिच्यापुढं धरला. वहिनीनं तो घेतला, उजव्या हातानं, अंगठा आणि दोन बोटांत, आणि तसाच धरून ठेवला.

"अवो, चहा पार गार झालाय की," ती म्हणाली. कप अजून तिच्या ओठांना लागलाही नव्हता.